मेरी एव्हरेस्ट बूल यांनी गणित शिकवण्याला नेमकं काय दिलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बी.एड.च्या टिपणांत मेरी एव्हरेस्ट बूल हे नाव एका ओळीत येऊन जातं, ‘सुई-दोऱ्याची भूमिती’ आणि ‘जॉर्ज बूल यांच्या पत्नी’. त्या घरीच शिकल्या, कधी कॉलेजात गेल्या नाहीत. मग त्यांचं स्वतःचं म्हणून काही आहे का, की नवऱ्याच्या नावावर मिळालेली प्रसिद्धी आहे? आणि आठवी-नववीच्या वर्गात त्यातलं काही चालतं का?

मी बरीच वर्षं माध्यमिक शाळेत गणित शिकवलं आणि नंतर शिक्षकांच्या प्रशिक्षणात रमलो. आधी उत्तर सांगतो, मग तपशील. बूलबाईंनी एकही प्रमेय सिद्ध केलं नाही. त्यांनी पाठ्यपुस्तक म्हणावं असंही काही लिहिलं नाही. शिक्षकाने केव्हा बोलावं आणि केव्हा तोंड मिटून बाजूला व्हावं, हा त्यांचा विषय होता, आणि त्यावर इतक्या बारकाईने लिहिणारं माझ्या वाचनात तरी दुसरं कोणी नाही. सुई-दोरा हे त्याचं एक उदाहरण झालं. दुर्दैवाने आपण उदाहरण उचललं आणि मुद्दा तिथेच ठेवला.

‘स्वयंशिक्षित’ या बिरुदाबद्दल आधी बोलू, कारण ते अर्धंच खरं आहे. मेरी एव्हरेस्ट यांचा जन्म ११ मार्च १८३२ चा, इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायरमधल्या विकवार गावातला. वडील तिथले धर्मगुरू. त्यांची प्रकृती ढासळली आणि होमिओपथीचे जनक हानेमान यांच्याकडे उपचारांसाठी सगळं कुटुंब फ्रान्समध्ये, पॅरिसजवळच्या पॉसी गावी जाऊन राहिलं. मेरी तेव्हा पाच वर्षांची. तिथे तिला शिकवायला देप्लास नावाचे मास्तर येत, आणि माझ्या मते पुढची सगळी कहाणी या मास्तरांपासून सुरू होते. भागाकाराची रीत मुलीला आधीच पाठ होती, पण ती रीत अशीच का, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. देप्लास यांनीही सांगितलं नाही. ते एकेक छोटा प्रश्न विचारत आणि उत्तर तिलाच लिहून काढायला लावत. शेवटी मुलीने स्वतःच लिहिलेली उत्तरं ओळीने वाचली की कारण तिच्या हातात आलेलं असे. मास्तरांचं स्पष्टीकरण कुठेच नाही.

अकराव्या वर्षी कुटुंब इंग्लंडला परतलं. पुढे शाळा सुटली आणि ती वडिलांच्या कामात मदतीला लागली. रविवारच्या धर्मशाळेत मुलांना शिकवणं, प्रवचनांची तयारी, असं. कलनशास्त्र (कॅल्क्युलस) तिने वडिलांच्या कपाटातल्या पुस्तकांवरून एकटीने शिकायला घेतलं. १८५० मध्ये ती आयर्लंडमध्ये कॉर्कला मामांकडे गेली. मामा जॉन रायल तिथल्या क्वीन्स कॉलेजात ग्रीकचे प्राध्यापक होते. तिथे तर्काला बीजगणिताचं रूप देणारे गणिताचे प्राध्यापक जॉर्ज बूल भेटले. ते चांभाराचे मुलगे आणि तेही बव्हंशी आपले आपणच शिकलेले. मग पत्रांतून शिकवणी सुरू झाली. १८५५ मध्ये वडील वारले आणि त्याच वर्षी दोघांचं लग्न झालं. म्हणजे पदवी नाही, कॉलेजचा वर्ग नाही, हे खरं. पण एक विलक्षण मास्तर लहानपणी आणि एक विलक्षण मास्तर तरुणपणी, हेही तितकंच खरं. त्या काळात इंग्लंडमधल्या मुलीला याहून जास्त मिळणं कठीणच होतं. लंडन विद्यापीठाने स्त्रियांसाठी पदव्यांची दारं उघडली ती १८७८ मध्ये, तेव्हा बाई सेहेचाळीस वर्षांच्या होत्या.

बूल यांच्या १८५९ च्या अवकल समीकरणांवरच्या ग्रंथाची प्रुफं बाईंनी वाचली आणि विद्यार्थ्याला कुठे अडेल ते सांगितलं. त्यांच्या स्वभावाला हे काम साजेसं होतं. ८ डिसेंबर १८६४ रोजी बूल न्यूमोनियाने गेले. पदरात पाच मुली, धाकटी तान्ही. (भिजून आलेल्या नवऱ्याला बाईंनी ओल्या चादरीत गुंडाळलं ही कहाणी तुम्हाला इंटरनेटवर पावलोपावली भेटेल. गणितशिक्षणाशी तिचा काडीचा संबंध नाही, म्हणून मी ती इथेच सोडतो.)

त्या लंडनला आल्या. हार्ली स्ट्रीटवरच्या क्वीन्स कॉलेजात त्यांना काम मिळालं. मुलींच्या शिक्षणासाठी १८४८ मध्ये निघालेली ही संस्था. पण काम ग्रंथपालाचं, शिकवण्याचं नाही. मग त्यांनी रविवारी संध्याकाळी मुलींना जमवून गप्पा सुरू केल्या. विषय ठरलेला नसे. गणित, तर्क, निसर्ग, धर्म, काहीही. पुढे एका विद्यार्थिनीने त्यांना सांगितलं त्याचा आशय असा: तेव्हा वाटायचं तुम्ही आमची करमणूक करताय, कॉलेज सोडल्यावर कळलं की तुम्ही आम्हाला स्वतः विचार करायची ताकद दिली. हाजिरी नाही, परीक्षा नाही, शिकवण्याचा अधिकारही नाही, अशा जागी त्यांची पद्धत घडली आणि मला वाटतं म्हणूनच ती तशी घडली. ज्याला अभ्यासक्रम संपवायचा असतो त्याला गप्प बसणं परवडत नाही.

आता सुई-दोरा. १९०४ मध्ये, बहात्तराव्या वर्षी, त्यांचं बालकाची विज्ञानासाठी तयारी कशी करावी यावरचं पुस्तक ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन प्रेसने काढलं. त्यात त्या लहानपणची आठवण सांगतात. सुया-टाचण्या ठेवण्याच्या पिशव्या करायला तेव्हा दुकानात कार्डांच्या जोड्या मिळत. कडेला भोकं पाडलेली असत, म्हणजे दोन कार्डं एकमेकांना शिवता येत. मधल्या जागेत चित्र रंगवायचं. हिला रंगवता येईना, म्हणून ती एका भोकातून समोरच्या भोकात रेशमाचे दोरे ओवत बसली. सगळे दोरे मध्यभागी एकमेकांना छेदायला लागले, त्याचाही कंटाळा आला. मग तिने दोरा बरोबर समोरच्या भोकात न नेता जरा बाजूच्या भोकात नेला. मधोमध एक रिकामी जागा उरली आणि तिची कड वळणदार होती. सगळे दोरे सरळ, तरी कड गोलाईची! प्रत्येक दोऱ्याचा एक इवलासा तुकडा त्या वळणात सामील झाला होता. म्हातारपणीही तो आनंद जसाच्या तसा आठवतो, असं त्या लिहितात.

त्या वळणाला गणितात नाव आहे, समीकरण आहे, सगळं आहे. मुलीला त्यातलं काहीही माहीत नव्हतं, आणि बाईंचं म्हणणं असं की तेच बरं होतं. पुढे अनेक वर्षांनी वक्र आणि स्पर्शिका पुस्तकात भेटल्या तेव्हा त्या परक्या वाटल्या नाहीत, कारण हाताने त्या आधीच केल्या होत्या. म्हणून लहान मुलांना कार्डं द्या, दोरा द्या, आणि हे गणित आहे असं सांगू नका. नाव, व्याख्या, सूत्र यांना वर्षं लागली तरी हरकत नाही. १९०६ मध्ये ईडिथ सॉमरव्हेल यांनी बाईंच्या या शिवणकामावर एक छोटं पुस्तक लिहिलं. बाईंनी त्याला प्रस्तावना दिली आणि ‘बूल कार्डं’ शाळांत गेली.

आपल्याकडे याचं काय होतं ते तुम्ही पाहिलं असेल. विज्ञान प्रदर्शनात प्लायवुडवर खिळे, रंगीत लोकर, खाली मार्करने ‘अन्वस्त’ (पॅराबोला) लिहिलेलं. खिळे कुठे ठोकायचे याचा नमुना सरांनी छापून दिलेला. मुलाने फक्त गुंडाळायचं. फलक सुंदर दिसतो, वर्षभर प्रयोगशाळेत धूळ खातो आणि त्या मुलाला अन्वस्त म्हणजे काय हे आधी जितकं माहीत होतं तितकंच नंतर माहीत असतं.

मी आठवीत असं करायचो. जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर काटकोन काढायचा, दोन्ही भुजा अकरा-अकरा सेंटिमीटर. कोपऱ्यापासून दर सेंटिमीटरवर कर्कटकाच्या टोकाने भोक, १ ते १० आकडे. आडव्या भुजेवरचं १ उभ्या भुजेवरच्या १० ला, २ हे ९ ला, ३ हे ८ ला, असं करत १० हे १ ला. एवढंच सांगायचं आणि थांबायचं. पाच-सहा दोरे झाले की वर्गात कुजबुज सुरू होते. ‘सर, गोल येतंय.’ इथे शिक्षकाची कसोटी असते. ‘नाही, हा अन्वस्त आहे’ म्हणालात की तास संपला. मी विचारायचो, ‘गोल म्हणजे वर्तुळ? कशावरून?’

मग कोणीतरी कंपास घेऊन येतो. या वळणाशी जुळणारं वर्तुळ दोन्ही भुजांना टोकाशी, म्हणजे कोपऱ्यापासून अकरा सेंटिमीटरवर, टेकायला हवं. त्याचा मध्य दोन्ही भुजांपासून अकरा सेंटिमीटरवर आणि त्रिज्याही अकरा. ते काढलं की दोऱ्यांची कड आणि वर्तुळ यांत मधोमध उघड फट दिसते. कोपऱ्यापासून तिरकं मोजा: दोऱ्याची कड साधारण ३.९ सेंटिमीटरवर, वर्तुळ साडेचारच्या जरा पुढे. सहा-सात मिलिमीटरचा फरक आठवीतल्या पट्टीनेही सहज सापडतो. म्हणजे वर्तुळ नाही. मग काय आहे? ‘ते पुढे कधीतरी’ एवढंच सांगून मी फळ्यावर दुसरं काही लिहायला लागायचो. मुलं चिडायची. चिडू द्यावं.

त्याच पुठ्ठ्यावर आणखी एक गोष्ट दडलेली आहे. जोडलेल्या आकड्यांची बेरीज दर वेळी ११ असते. हे कोणाच्या तरी लक्षात येतंच, सांगावं लागत नाही. मग ‘बेरीज ११ ऐवजी दोऱ्याची लांबी सारखी ठेवली तर?’ असा प्रश्न एखाद्या पोराकडून येतो. तेव्हा वळण वेगळंच येतं, भिंतीवरून घसरणाऱ्या शिडीचं. दहावीनंतर निर्देशक भूमितीत वक्रांची समीकरणं भेटली की हीच बेरीज समीकरणात उतरते. तोपर्यंत पुठ्ठा हरवलेला असला तरी हात विसरलेला नसतो.

बीजगणिताबद्दल बाईंनी १९०९ मध्ये मुलांसाठी एक लहान पुस्तक लिहिलं. वय सत्त्याहत्तर. सुरुवातीलाच ‘प्रतिभा’ नावाच्या माकडाच्या पिल्लाची गोष्ट आहे. ते हिरवा अक्रोड सालासकट चावतं, कडू लागतो म्हणून फेकून देतं. त्याची आजी ‘प्रज्ञा’ तो उचलते, सोलते, फोडते आणि गर नातवाला देते. पुढे बाई बीजगणिताचा जन्म कसा झाला असेल ते सांगतात. लोक उत्तराचे अंदाज बांधून बांधून थकले. शेवटी कोणीतरी म्हणालं, आपल्याला हे माहीत नाही हे मान्य करू, त्याला क्ष म्हणू आणि ते अजून माहीत नाही हे कायम लक्षात ठेवू. आपल्या अज्ञानाची प्रामाणिक कबुली देऊन प्रश्न सोडवण्याची रीत म्हणजे बीजगणित, अशी त्यांची व्याख्या आहे. ‘समजा ती संख्या क्ष’ हे वाक्य मी आयुष्यभर फळ्यावर लिहिलं, पण त्यात कबुली आहे हे मला या पुस्तकाने दाखवलं.

वर्गात याचा उपयोग असा. गणित घ्या: बाबांचं वय मुलाच्या चौपट आहे, ६ वर्षांनी ते अडीचपट होईल, तर मुलाचं वय किती? क्ष ताबडतोब फळ्यावर आणू नका. अंदाज करू द्या. मुलगा १० वर्षांचा, बाबा ४०. सहा वर्षांनी १६ आणि ४६. सोळाची अडीचपट ४०. सहा जास्त झाले. बरं, मुलगा ८, बाबा ३२. पुढे १४ आणि ३८, अडीचपट ३५, तीन जास्त. आता वर्गात कोणीतरी ओरडतं, ‘सर, दोनने कमी केलं की चूक तीनने कमी होते!’ मग ६, बाबा २४, पुढे १२ आणि ३०. जमलं. हे झाल्यावर विचारा की आकडे असे सरळ नसते, उत्तर साडेसात वर्षं आलं असतं, तर किती अंदाज केले असते? त्या क्षणी क्ष येतो आणि मुलांना तो हवा असतो. एरवी क्ष म्हणजे सरांनी लादलेलं एक अक्षर.

बाईंचा सगळ्यात बोचरा भाग शिक्षकांबद्दलचा आहे. शिकवण्याची एक वासना असते, असं त्या म्हणतात, आणि शब्द मुद्दाम इतका कठोर वापरतात. दुसऱ्याचं मन आपल्या साच्यात ओतायची, त्याच्या आधी उत्तर देऊन टाकायची, आपल्यावाचून त्याचं अडतंय हे पाहायची हाव. ती चांगल्या शिक्षकात जास्त असते, हे त्यांचं निरीक्षण मला फार खरं वाटतं. कंटाळलेला मास्तर मुलांचं फारसं नुकसान करू शकत नाही. तळमळीचा मास्तर मुलाचा विचार मध्येच हिसकावून घेतो आणि त्याला मदत म्हणतो. याच्या जोडीला त्यांचा दुसरा आग्रह विश्रांतीचा. ताण आणि विसावा, पृथक्करण आणि जुळणी यांची आळीपाळी चालली पाहिजे. नवी कल्पना दिली की ती मुरायला वेळ द्यायचा. हे त्यांनी काही अंशी ग्रात्री या फ्रेंच धर्मगुरूच्या लिखाणातून आणि काही अंशी नवऱ्याच्या तर्कशास्त्रातून घेतलं.

आता दुसरी बाजू. त्यांचं सगळं लिखाण डोळे मिटून स्वीकारू नका. गूढवाद, अतींद्रिय शक्ती, होमिओपथी, ज्यूंचा शब्बाथ (आठवड्याच्या विसाव्याचा दिवस), सगळं एका पातेल्यात आहे. मनोव्यापारांवर लिहिलेलं त्यांचं हस्तलिखित वादात सापडलं आणि त्यापायी कॉलेजातलं काम गेलं, असं सांगतात. ते पुस्तक १८८३ मध्ये निघालं आणि त्यात टिकाऊ असं मला थोडंच दिसलं. एका परिच्छेदात लख्ख शहाणपण, पुढच्यात धुकं, असा त्यांचा खाक्या आहे.

भारताबद्दलचं त्यांचं लिखाणही याच जातीचं. सर्व्हेअर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट हे त्यांचे काका. विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारले, तेव्हा त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची धुरा या एव्हरेस्टांकडे आली आणि पुढे शिखराला त्यांचंच नाव दिलं गेलं. बाईंनी १९०१ मध्ये जगदीशचंद्र बोस यांना उद्देशून एक जाहीर पत्र लिहिलं. काकांच्या मार्फत भारतीय तर्कविचार इंग्लंडात पोचला आणि बॅबेज, डी मॉर्गन, बूल या तिघा इंग्रज गणितज्ञांवर त्याचा खोल परिणाम झाला, असा त्यात दावा आहे. आपल्याकडे हे पत्र फार उत्साहाने फिरवलं जातं. डी मॉर्गन यांना भारतीय गणिताबद्दल आस्था होती हे पक्कं. दिल्लीच्या रामचंद्र यांचं महत्तम-लघुतम मूल्यांवरचं पुस्तक त्यांनी १८५९ मध्ये लंडनमध्ये पुन्हा छापून घेतलं. पण बूल यांच्या बीजगणितात भारतीय तर्कशास्त्र उतरलं हे दाखवायला एका पुतणीने उतारवयात सांगितलेली आठवण पुरत नाही. आपल्याला ऐकायला गोड वाटतं म्हणून तर जास्तच तपासायला हवं.

मुलींची उदाहरणंही जपून द्यावीत. तिसरी मुलगी ॲलिशिया हिने विद्यापीठाचं तोंड न पाहता चौमितीतल्या, म्हणजे लांबी-रुंदी-उंचीखेरीज चौथी मिती असलेल्या, आकृत्यांचे छेद मनात पाहिले आणि पुठ्ठ्याचे करून ठेवले. १९१४ मध्ये नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठाने तिला मानद डॉक्टरेट दिली. हाताने आणि डोळ्याने आधी, सूत्राने नंतर, या पद्धतीचा याहून मोठा पुरावा कोणता, असं म्हणायचा मोह होतो. मात्र वडील गेल्यावर ॲलिशिया बरीच वर्षं कॉर्कला आजीकडे वाढली, आणि चौमितीची गोडी तिला लागली ती थोरल्या बहिणीशी पुढे लग्न झालेल्या हॉवर्ड हिंटन यांच्या लाकडी ठोकळ्यांमुळे. आईचा वाटा आहेच, पण सगळं श्रेय आईच्या खात्यात टाकता येत नाही. ल्यूसी रसायनशास्त्रज्ञ झाली, एथेल कादंबरीकार, मार्गारेटचा मुलगा जी. आय. टेलर मोठा भौतिकशास्त्रज्ञ. घरात काहीतरी होतं, एवढं नक्की.

बाई १९१६ मध्ये, चौऱ्याऐंशीव्या वर्षी वारल्या. १९३१ मध्ये त्यांचं समग्र लिखाण चार खंडांत निघालं, पण शिक्षकांच्या हाती ते फारसं पडलं नाही. १९७२ मध्ये डिक टाहटा यांनी इंग्लंडमधल्या गणितशिक्षकांच्या संघटनेसाठी निवडक उतारे काढले, तेव्हा वर्गात उभं राहणाऱ्या लोकांनी त्यांना पुन्हा वाचलं.

वाचायला सुरुवात करायची तर १९०९ चं बीजगणिताचं पुस्तक घ्या. ते इंटरनेटवर फुकट मिळतं आणि दोन बैठकांत संपतं. हिब्रू बीजगणिताचं प्रकरण पहिल्या वाचनात गाळलंत तरी चालेल. मग १९०४ चं, पण त्यातलं तान्ह्या बाळांविषयीचं सगळं गंभीरपणे घेऊ नका. अंकगणिताच्या तर्कावरची १९०३ ची व्याख्यानं पाचवी-सहावीला शिकवणार असाल तर. १८८३ चं सोडून द्या. आणि पाठ घ्यायला वर्गात जाल तेव्हा पुठ्ठे आदल्या दिवशी टोचून नेऊ नका. भोकं मुलांनाच पाडू द्या. अंतरं थोडी चुकतील, वळण मोडेल, आणि ते का मोडलं हे शोधण्यात अर्धा तास जाईल. तुमच्या पाठ-टाचणात तो अर्धा तास धरून ठेवा.